चंदेरी गाडी, चार जखमा: कशाला हात लावू, कशाला नको?

तिठा | रविवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची स्विफ्ट, रंग चंदेरी, कंपनीच्या भाषेत सिल्की सिल्व्हर. २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने "एकहाती वापर, कुठे लागलेली नाही" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. दिवाळीआधी गाडी एकदा नीट उन्हात उभी करून बघावी म्हटलं, आणि बघितली नसती तर बरं झालं असतं असं झालं. जखमा मोजून चार:

एक, डावं मागचं दार. शेजारच्या बाइकचा ब्रेक लिव्हर घासला असावा. हँडलच्या खाली वीतभर लांब चरा. नख फिरवलं की मध्यावर अडकतं, टोकांना नाही.

दोन, मागच्या बंपरचा उजवा कोपरा. पार्किंगच्या खांबाने (खरं तर मीच) घासला. वाघाने पंजा मारावा तसे पांढरे पट्टे.

तीन, बोनेट. दसऱ्याला झेंडूचा हार घातला होता तो तारेत ओवलेला निघाला. तसाच ठेवून वाईला जाऊन आलो. आता बोनेटवर दोन सुबक कमानी आहेत. पूजा केल्याचा पुरावा.

चार, डाव्या मागच्या चाकाच्या वर, कमानीच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढा फुगा. दाबला की कर्र वाजतो.

वर्कशॉपवाला म्हणतो चार पॅनेल पूर्ण रंगवावी लागतील, १८,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. "नाहीतर इन्शुरन्समध्ये टाका ना सर, तुमच्या खिशाला काही नाही." नाक्यावरचा डेंटर सगळं मिळून ७,००० म्हणतो, दोन दिवसांत. यूट्यूब म्हणतं टूथपेस्ट. मी गोंधळलोय. स्वतः थोडंफार करायची तयारी आहे, हात बऱ्यापैकी चालतो.

अर्धा_कप | रविवार, रात्री १०.३१

टूथपेस्ट खरंच चालते. मी केलंय. पांढरी घ्यायची, जेलवाली नाही.

खडीवाला | रविवार, रात्री १०.४४

चालते म्हणजे काय होतं? पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती अगदी वरवरचे ओरखडे थोडे बुजवते आणि बाकीच्यांत जाऊन बसते. दोन वेळा गाडी धुतली की चरा परत हजर, वर पुदिन्याचा वास. डब्ल्यूडी-४० फवारून "चरा गायब" दाखवतात तेही तसलंच. तेल चऱ्यात भरलं की तो दिसत नाही, एवढंच.

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ११.०५

भावा ७,००० मध्ये चार पॅनेल म्हणजे रंगात नुसता थिनर असणार बघ. नाद करू नको.

मोगरी | सोमवार, सकाळी ७.५०

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे दादा एकच बादली आणि एकच फडकं घेऊन सकाळी चौदा गाड्या करतात. सातव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात इतकी माती असते की तो पॉलिश पेपरच झालेला असतो. उन्हात माझ्या काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ते त्यांचेच. मी त्यांना पैसे पूर्ण देते आणि सांगते, दादा, बाहेरून पुसू नका, फक्त काचा. त्यांना वाटतं बाई विक्षिप्त आहे. वाटू दे.

डिकीतला_पाना | सोमवार, दुपारी १.२०

तीस वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात डेंटिंग-पेंटिंगमध्ये काढली. आता निवृत्त. गुडघे गेले, नाक मात्र अजून लांबून थिनर ओळखतं. जरा लांब लिहितो, गोड मानून घ्या.

तिठा, आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते डोक्यात बसवा, मग कोण काय विकतंय ते आपोआप कळेल. पत्र्यावर सगळ्यात खाली ईडी कोट असतो. अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या मदतीने तो चढवतात, साधारण २० मायक्रॉन. गंजाशी खरी लढाई तो लढतो. त्यावर प्रायमर-सर्फेसर, ३० ते ३५. मग रंग, तुमच्या चंदेरीत जेमतेम १५. आणि सगळ्यात वर लॅकर, म्हणजे क्लिअर कोट, ४० च्या आसपास. सगळं मिळून १०० ते १२० मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा. म्हणजे दीड-पावणेदोन केसांच्या जाडीत हे चार थर बसवलेले आहेत.

आता चरा "काढणे" म्हणजे काय? लोकांना वाटतं पॉलिशने चरा भरतो. भरत नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं लॅकर उतरवायचं असतं, की मग चरा उरत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही शिलकीतून खर्च करता. लॅकर परत येत नाही. म्हणून दर दिवाळीला "रबिंग-पॉलिश" करून घेणारे गिऱ्हाईक बघितले की मला त्यांच्या छपराची काळजी वाटायची. सहा-सात वर्षांत छपरावरचं लॅकर पापुद्र्यासारखं उडायला लागतं. त्यात उन्हाचा वाटा असतोच, पण घासून घासून ते आधीच पातळ केलेलं असतं.

कुठला चरा किती खोल, ते घरी कळतं. गाडी स्वच्छ धुवा. कोरडी झाल्यावर चऱ्यावर पाण्याचा हात फिरवा. ओलं असेपर्यंत चरा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर तो लॅकरमध्येच आहे, पॉलिशने जाईल. पाण्यातही दिसत राहिला आणि नख अडकलं तर खाली रंगापर्यंत पोचला. तळाशी राखाडी दिसलं तर सर्फेसर. चकचकीत पत्रा किंवा तपकिरी दिसलं तर उशीर करू नका.

तुमच्या चारांपैकी माझ्या अंदाजाने फक्त चौथी जखम गंभीर आहे, आणि तीच सगळ्यात लहान आहे. फुगा म्हणजे आत गंज. वर्कशॉपवाल्याने चारही एका तराजूत तोलले तिथेच मला शंका आली.

बोनेट: पाण्याची परीक्षा करा, बहुतेक पास होईल. आधी हातानेच, मऊ स्पंजवर वाटाण्याएवढं कंपाउंड (बारीक घासणारी पेस्ट) घेऊन, सावलीत, पत्रा थंड असताना. नाही गेलं तर २००० नंबरचा वॉटर पेपर अर्धा तास पाण्यात भिजवून, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, फक्त त्या रेषेपुरता. दहा हात मारले की थांबा, पुसा, बघा. मग ३०००, मग कंपाउंड, मग पॉलिश. बोनेटची उभी घडी आणि कडा यांवर मास्किंग टेप लावून टाका. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो, आणि हात नेमका तिथेच जोरात लागतो.

बंपर: ते पांढरं म्हणजे तुमचा रंग गेलेला नाही, खांबाचा आलेला आहे, असं मला वाटतंय. कंपाउंडने निघेल. नाही निघालं तर मऊ कापडाला किंचित थिनर लावून पटकन एक हात. पण आधी बंपरच्या खाली, न दिसणाऱ्या कडेला लावून बघा. कापडावर चंदेरी आलं तर तिथल्या तिथे थांबा आणि मला विचारा.

दाराचं आणि फुग्याचं नंतर सांगतो. बायको जेवायला बोलावते आहे, दुसऱ्यांदा.

सुरुबन | सोमवार, दुपारी ३.१५

पानाकाका, दंडवत. असं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं.

फुग्याबद्दल मी सांगू शकतो. मी मालवणचा, घर समुद्रापासून चालत दहा मिनिटं. आमच्याकडे गाडी म्हातारी होत नाही, डायरेक्ट गंजते. तिठा, तो तुरीचा दाणा वरून तुरीएवढा असला तरी आत रुपयाएवढा पसरलेला असणार, तयारी ठेवा. चाकाच्या कमानीची कड आतून दुमडलेली असते, त्या घडीत चिखल बसतो, पावसाळाभर ओला राहतो. गंज आतून बाहेर येतो, बाहेरून आत नाही. म्हणून नुसता वरून रंग मारणारा तुम्हाला सहा महिने देतो, फार तर. आधी हात आत घालून चिखल काढा.

आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात ती बघा. माझ्या पहिल्या गाडीची ती मातीने बुजली होती. दार हलवलं की आत पाणी डुचमळायचं. मला वाटायचं बाटली विसरलीय कुणीतरी.

व्याजासकट | सोमवार, रात्री ९.०२

"खिशाला काही नाही" हे वाक्य ऐकून राहवलं नाही. मी विम्याच्या कामात आहे, जरा हिशोब मांडतो.

तिठा, तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे? चार वर्षं क्लेम नसेल तर ४५ टक्के असेल. क्लेम केला नाहीत तर पुढच्या वर्षी ५०. केलात तर शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी परत ५०. म्हणजे पाच वर्षांत तुम्ही ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के घालवता. बेरीज १२५. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, मूळ हप्ता ५,००० धरला तर एका क्लेमची किंमत ६,२५० रुपये. हा बोनस थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नसतो, फक्त ओन डॅमेजवर, म्हणून पॉलिसीत तोच आकडा शोधा.

त्यावर सक्तीची वजावट, म्हणजे बिलातला तुम्हीच भरायचा भाग. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,०००. आणि "प्रत्येक" इथे महत्त्वाचं. बाइक, खांब आणि हार या तीन वेगळ्या घटना आहेत. सगळं एकाच अपघातात झालं असं लिहून द्या म्हणणारे भेटतील. फॉर्मवर सही तुमची असते, त्यांची नाही. गंज तर विम्यात बसतच नाही, ती झीज.

झिरो डेप (घसारा न कापायची जादा सोय) नसेल तर रंगकामाच्या बिलातला २५ टक्के भाग माल धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात. १८,५०० वर साधारण २,३०० तुमचे. प्लास्टिकचा भाग बदलला तर त्यावरही ५०.

मोठा अपघात असेल तर क्लेम कराच, त्यासाठीच हप्ता भरतो आपण. हारासाठी नको.

तिठा | सोमवार, रात्री ९.४०

बोनस ४५ टक्केच आहे! झिरो डेप गेल्या वर्षी काढून टाकलं होतं. विम्याचा विषय संपला, आभार.

पानाकाका, बोनेटला पाणी लावलं, दोन्ही कमानी गायब झाल्या. उद्या कंपाउंड आणतो. दारावरच्या चऱ्याचा मधला चारेक बोटं भाग पाण्यातही दिसतो.

चिंचपोकळी_लोकल | सोमवार, रात्री ११.३०

वाचनखूण साठवली. माझ्याकडे गाडी नाही, पण धागा भारी आहे.

डिकीतला_पाना | मंगळवार, दुपारी १२.१०

दाराचं सांगतो. नीट वाचा, कारण चंदेरी हा सगळ्यात लबाड रंग आहे.

चंदेरीत रंग कमी आणि ॲल्युमिनियमचे कण जास्त. ते कण पत्र्यावर आडवे, सपाट पडले की उजेड परत फेकतात. गनने फवारताना ओला कोट बसला तर कण खाली बुडतात, रंग गडद दिसतो. कोरडा कोट बसला तर फिका. तोच डबा, तोच कारागीर, फक्त गन चार बोटं लांब धरली, की वेगळी शेड. आता ब्रशने किंवा टचअप पेनने लावल्यावर कण कसेही उभे-आडवे राहणार, म्हणून पेनचा ठिपका चंदेरीत नेहमी काळपट दिसतो. पांढऱ्या, साध्या लाल गाडीला पेन झकास चालतो. तुमच्या गाडीला तो गंज थांबवण्यापुरता, चरा लपवण्यापुरता नाही.

म्हणून पर्याय दोन. पहिला, स्वस्त: रंगाचा कोड बघा, दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. तुमच्या रंगाचा झेड-२-एस. त्या कोडचं टचअप आणा. बाटलीतला ब्रश जाड असतो, तो बाजूला ठेवा. टूथपिकच्या टोकाने चऱ्याच्या आत, फक्त आत, पातळ थर द्या. वाळू द्या. असे तीन-चार. मग वरून लॅकर. दोन हातांवरून दिसेल, दहा फुटांवरून नाही. दुसरा: दार रंगवून घेणं. पण चांगला पेंटर नुसतं दार मारत नाही, शेजारच्या पॅनेलवर रंग हळूहळू विरत नेतो आणि लॅकर दोन्ही पॅनेलवर पूर्ण मारतो. नाहीतर नव्या दाराची गाडी लांबून ओळखू येते. चार बोटं चऱ्यासाठी दोन पॅनेलचं कंपनीचं लॅकर घासायचं का, ते तुम्ही ठरवा. माझी गाडी असती तर टूथपिक.

मॅचिंग करून घेणार असाल तर एक अट घाला. शेड कार्डावर फवारून, वर लॅकर मारून, ते कार्ड गाडीला लावून उन्हात बघायचं, समोरून आणि तिरकं. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग उन्हात भांडतात. कोड एकच असला तरी त्यात दोन-तीन छटा निघतात, आणि तुमच्या गाडीने सात-आठ उन्हाळे पाहिलेत ते वेगळंच.

बाभूळ | मंगळवार, दुपारी २.४५

काका, ऑनलाइन दोन घटकांचं, हार्डनरवालं (लॅकर कडक करणारं द्रव्य मिसळायचं) स्प्रे लॅकर मिळतं. घरी मारलं तर? बाल्कनीत?

डिकीतला_पाना | मंगळवार, दुपारी ३.०५

नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवारा श्वासातून आत गेला तर फुप्फुसं धरतात, आणि एकदा अंग बिघडलं की पुढे थोड्या वासानेही दम लागतो. माझ्याबरोबर काम शिकलेले दोघं चाळिशीत धंदा सोडून बसले. आम्ही तेव्हा तोंडाला ओला रुमाल बांधायचो आणि स्वतःला शहाणे समजायचो. करोनातला मास्क इथे कामाचा नाही. त्याला वाफ अडवणारा कार्बनचा मास्क लागतो, बूथ लागतो. बाल्कनीत तर शेजाऱ्यांचे कपडेही चंदेरी होतील.

तिठा | बुधवार, रात्री ८.५५

आधी चांगली बातमी. बोनेटच्या दोन्ही कमानी गेल्या. पेपरची गरजच पडली नाही, हाताने तीन वेळा कंपाउंड आणि मग पॉलिश, दोन्ही दंड आज भरून आलेत. एका जागी अगदी पुसट सावली आहे, ती ठेवली. शिल्लक शिल्लक करत थांबलो.

आता वाईट. बंपरचं पांढरं कंपाउंडने अर्धं निघालं. राहिलेलं थिनरने काढायला गेलो. हो, काका, तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलं होतं. लपलेल्या जागी बघायचं राहिलं. खाली वाकायचा कंटाळा केला. सरळ कोपऱ्यावर एक हात फिरवला.

कापड चंदेरी झालं.

दुसऱ्या हाताला खालचं राखाडी दिसलं आणि एका जागी काळं प्लास्टिक. आता तळहाताएवढा डाग आहे आणि त्याच्या कडा चिकट होऊन सुरकुतल्यात. बायको वरून गॅलरीतून बघत होती. काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

खडीवाला | बुधवार, रात्री ९.१०

अरेरे. म्हणजे बंपर आधी रंगवलेला होता. "कुठे लागलेली नाही" म्हणे.

तांबडा_पांढरा | बुधवार, रात्री ९.१८

आधीच्या मालकाचा हात छातीवर होता, बंपरवर नव्हता भावा.

डिकीतला_पाना | गुरुवार, सकाळी १०.००

तिठा, वाईट वाटून घेऊ नका. थिनरने तुमचा बंपर बिघडवला नाही, तो आधीच बिघडलेला होता हे उघड केलं. कंपनीचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो, हलक्या हाताने फिरवलेल्या थिनरला दाद देत नाही. हार्डनर घातलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंगसुद्धा देत नाही. विरघळतो तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा तसलाच हवेवर वाळणारा स्वस्त रंग. सेकंडहँड गाडी घेताना आम्ही हीच परीक्षा करायचो. आता रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळतं, पण ते साधं यंत्र धातूवरच चालतं, प्लास्टिक बंपरवर मुकं. तुमच्या बाकी गाडीवर मात्र ते फिरवून घ्या. कुठे १०० च्या जागी ४००-५०० दाखवलं तर खाली लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. यंत्र नसेल तर छोटं लोहचुंबक पातळ कापडात धरून फिरवा. लांबीवर ते सैल पडतं.

आता बंपर. त्यावर वरच्या वर पीयू मारून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. खालचा कच्चा रंग नव्या रंगाच्या थिनरने फुगतो आणि भाजलेल्या पापडासारखा सुरकुततो. बंपर गाडीवरून उतरवायचा, जुना रंग घासून पूर्ण काढायचा. पेंट रिमूव्हर ओतायचा नाही, तो प्लास्टिक खातो. मग प्लास्टिक प्रायमर. हा वाचवायला बघतात, आणि मग वर्षभरात रंग सालीसारखा निघतो, कारण बंपरच्या प्लास्टिकला कुठलाही रंग सहज धरत नाही. मग रंग, मग पीयू लॅकर, आणि बंपर वाकतो म्हणून त्यात लवचीकपणाचं द्रव्य. भट्टी हलकी ठेवायला सांगा. पत्रा सोसतो ती उष्णता प्लास्टिक सोसत नाही. कारखान्यातही बॉडी आणि बंपर वेगळेच रंगतात, म्हणून नव्या कोऱ्या गाडीतही बंपर नि फेंडरची चंदेरी किंचित वेगळी दिसते. एवढा फरक तुमच्याही येईल, त्यावरून पेंटरशी भांडू नका.

सुरुबन | गुरुवार, सकाळी ११.२५

काका, एक विचारतो. आमच्याकडे एका पेंटरने जुलैत माझं मडगार्ड केलं. दिवाळीपर्यंत त्यावर घामोळ्यासारखे बारीक फोड. म्हणाला खाऱ्या हवेने.

डिकीतला_पाना | गुरुवार, दुपारी १२.४०

खाऱ्या हवेवर ढकललं. त्याने लांबी पाणी मारून घासली असणार. पॉलिएस्टर लांबी स्पंजसारखी पाणी पिते. वरून रंग चढवला की ते पाणी कोंडतं, ऊन पडलं की बाहेर यायला बघतं आणि फोड येतात. लांबी कोरडीच घासायची. आमच्या धंद्यात पाण्याने घासायची सवय इतकी मुरलेली आहे की हे सांगितलं की मला नवशिका म्हणायचे. धूळ उडते म्हणून कुणाला कोरडं नको असतं.

जुलैत काम काढू नये ते आणखी एका कारणाने. थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि लॅकर पांढरट, दुधी पडतं. सावकाश उडणारा थिनर वापरून ते सावरता येतं, पण तेवढा धीर कोण धरतो.

मोगरी | गुरुवार, दुपारी ४.००

पक्ष्यांच्या शिटेचं पण सांगा ना कुणीतरी. माझी गाडी उंबराखाली असते, रात्री वटवाघळांची मेजवानी.

खडीवाला | गुरुवार, दुपारी ४.३०

त्यात आम्ल असतं आणि उन्हात लॅकर मऊ पडून प्रसरण पावतं. संध्याकाळी गार होताना ते वाळलेल्या शिटेभोवती आकसतं, ठसा उमटतो. म्हणून दिसली की त्याच दिवशी काढा. आणि कोरडी खरवडू नका, आत उंबराच्या बिया असतात. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचला. पार्किंगची जागा बदलून मिळत असेल तर सगळ्यात उत्तम, पण सोसायटीत पार्किंग बदलणं म्हणजे मतदारसंघ बदलण्याइतकं अवघड.

बाभूळ | गुरुवार, सायंकाळी ६.१५

सिरॅमिक कोटिंग करून घेतलं तर हे सगळं टळतं का? मला ३०,००० सांगितलेत.

डिकीतला_पाना | गुरुवार, सायंकाळी ७.३०

शिट, चिकट डाग, बोअरचं पाणी यांना थोडी मुदत मिळते, गाडी धुवायला सोपी जाते. तारेचा हार, ब्रेक लिव्हर आणि खांब यांच्यापुढे काही चालत नाही. ते "९एच" म्हणतात ना, ती पेन्सिलच्या टोकाची कठीणता आहे, हिऱ्याची नाही. दगडाच्या टिचक्या थांबवायच्या तर पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), तो लॅकरपेक्षा तीन-चार पट जाड पारदर्शक पडदाच असतो, आणि महागही तसाच.

तिठा | १० दिवसांनी, रविवार, दुपारी ५.२०

अपडेट.

बंपर: नाक्यावरच्याने नाही, पानाकाकांनी व्यक्तिगत संदेशात सांगितलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं देणाऱ्या तिसऱ्याच माणसाकडे केला. "प्लास्टिक प्रायमर मारता का?" विचारल्यावर पहिले दोघं हसले, तिसऱ्याने डबा दाखवला. बंपर उतरवून, घासून, पूर्ण ३,४००. घासताना जुन्या रंगाखाली उजव्या कोपऱ्यात लांबीचा बोटभर थरही निघाला. शेड कार्ड उन्हात धरून बघितलं, पहिलं परत पाठवलं, दुसरं पटलं. महिनाभर वॅक्स-पॉलिश काही लावू नका म्हणाला, आत अजून थिनर उडतोय.

दार: टूथपिक. चार थर, चार संध्याकाळी. मला कुठे आहे ते माहीत असल्यामुळे दिसतं. मेहुण्याला दाखवायला गेलो तर त्याला शोधून सापडलं नाही, पण त्याला चष्मा आहे.

फुगा: सुरुबन, तुमचा अंदाज अचूक. तुरीचा दाणा टोचून खरवडला तर आत पाच रुपयांच्या नाण्याएवढं तपकिरी. कमानीच्या घडीत हात घातला तर मूठभर चिखल, त्यात एक पिंपळाचं रोप धरलेलं. खोटं नाही, दोन पानं होती. त्याच पेंटरकडे चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासून घेतलं, पत्र्याला भोक पडलेलं नव्हतं, नशीब. गंजाचं औषध लावून, एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग रंग. आतून कमानीला अंडरबॉडी कोटिंग. १,८०० घेतले.

एकूण खर्च कंपाउंड, पॉलिश, टचअप धरून ६,४०० च्या आत. चुंबक सगळीकडे फिरवलं. डावं पुढचं दार आणि छप्पर ठीक. उजव्या मागच्या पॅनेलवर खाली चुंबक सैल पडतं. म्हणजे आधीच्या मालकाला खांब त्याच बाजूला भेटला होता. असो.

व्याजासकट | रविवार, सायंकाळी ६.०२

आणि बोनस ५० वर. वा.

अर्धा_कप | रविवार, सायंकाळी ६.२०

टूथपेस्टवाला मीच. टूथपिक तरी लागली की शेवटी.

डिकीतला_पाना | रविवार, रात्री ८.१०

उत्तम. कमानीच्या जागेला पुढच्या पावसाआधी, मेच्या शेवटाला, एकदा हात लावून बघा. आणि सुरुबन यांनी सुरुवातीलाच सांगितलेलं काम तुमच्या यादीत दिसलं नाही. दाराखालची भोकं साफ केलीत का?

तिठा | रविवार, रात्री ८.१४

...

टूथपिक शिल्लक आहेत. टॉर्च घेऊन खाली जातोय.